दगडीच्या गाईच्या दुधाचे पैसे संघानेच द्यावेत

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि कार्यकारी संचालक,
महाराष्ट्रातील सहकारी दूध संघ व खासगी डेअऱ्या

विषय: कासदाहावर (दगडीवर) वापरली जाणारी अँटिबायोटिक्स आणि त्यांना दाद न देणारे जंतू

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला आहे. गोठ्यापुढे चिखल झाला, शेण-मुताचा ओलावा वाळेनासा झाला की दगडीच्या तक्रारी वाढतात आणि संघाच्या औषध भांडारातून सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबची खोकी भराभर हलतात. हे दरसालचेच. यंदा खोकी मागवण्याआधी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, म्हणून आम्ही काही पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत काम करणारे आणि दूध तपासणारे लोक हे पत्र लिहीत आहोत.

मागणी आधीच सांगून टाकतो. ज्या गाईला अँटिबायोटिक दिले तिचे दूध, औषधाचा अंश संपेपर्यंत, संकलनात घेऊ नका. पण त्या दिवसांचे पैसे शेतकऱ्याला द्या. तपासणी, प्रयोगशाळा, नोंदवह्या हे सगळे याच्या मागून येते. हे झाले नाही तर बाकीचे कागदावरच राहील.

गोठ्यात काय घडते ते तुम्हालाही ठाऊक आहे. सकाळच्या धारेला एका सडातून गुठळ्या येतात, कास कडक लागते. शेतकरी फोन करतो, आणि तो डॉक्टरलाच असतो असे नाही. पहिल्या दिवशी सेफ्ट्रायक्झोन-टॅझोबॅक्टम या अँटिबायोटिकची बाटली, सडात एक ट्यूब, सूज उतरायला मेलोक्सिकॅम. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही की एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरे अँटिबायोटिक. तिसऱ्या दिवशी सूज ओसरली की उपचार बंद, आणि त्याच संध्याकाळी त्या गाईचे दूध कॅनमध्ये. जंतू कोणता होता हे या सगळ्यात कोणी विचारलेलेच नसते.

यातले सेफ्ट्रायक्झोन हे जनावरांचे वेगळे औषध नाही. टायफॉइड, न्यूमोनिया, मेंदूज्वर यांसाठी जिल्हा रुग्णालयात जी बाटली फोडतात त्यात हेच असते. माणसांच्या मेडिकल दुकानात ते शेड्यूल एच-१ मध्ये मोडते: १ मार्च २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. सेफ्ट्रायक्झोन ज्यांत मोडते ती तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफालोस्पोरिन्स आणि एन्रोफ्लॉक्सासिन ज्या गटात येते ती क्विनोलोन्स जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी सर्वाधिक जपायच्या औषधांत धरली आहेत. तुमच्या भांडारात मात्र ती पेंडीच्या पोत्याशेजारच्या फडताळात असतात आणि उधारीवरही मिळतात.

सेफ्ट्रायक्झोन चालेनासे झाले की माणसांचे डॉक्टर कार्बापेनेम गटाकडे वळतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या रुग्णालय-जाळ्यातल्या आकड्यांनुसार त्या गटातल्या इमिपेनेमला दाद देणारे ई. कोलाय जंतू २०१७ मध्ये ८१ टक्के होते, २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आले. क्लेबसिएला हा दुसरा जंतू याच काळात ५८ वरून ३६ च्या घरात घसरला. हे सगळे पाप गोठ्याचे नाही. त्यातला मोठा वाटा रुग्णालयांचा आणि चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या दुकानांचा आहे, आणि त्यांना लिहायचे पत्र वेगळे. पण ई. कोलाय गाईच्या आतड्यातही असतो आणि माणसाच्याही. सेफालोस्पोरिन तोडणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) जनुक त्याच्याकडे बहुधा प्लास्मिडवर असतो, म्हणजे एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे सहज जाणाऱ्या तुकड्यावर. गोठा आणि घर यांच्यात एका भिंतीचे अंतर असते, काही ठिकाणी तेवढेही नाही.

दुधाबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. पाश्चरायझेशनने, उकळण्याने जंतू मरतात, औषधाला दाद न देणारेही मरतात. त्यामुळे पिशवीतले दूध उकळून पिणाऱ्याला या जंतूंची धास्ती नको. पण औषधाचा अंश तसा जात नाही. ७२ अंशांवर १५ सेकंदांत पेनिसिलिन जवळपास जसेच्या तसे राहते, उकळल्यावर थोडेसेच कमी होते. आणि जंतूंचा खरा प्रवास पिशवीतून होतच नाही. तो शेणातून, धार काढणाऱ्याच्या हातांतून, गटारातून आणि वासरातून होतो.

वासराचे जरा सविस्तर सांगायला हवे. औषध चालू असलेल्या गाईचे दूध प्रामाणिक शेतकरी कॅनमध्ये घालत नाही, पण ओतून द्यायला जीव होत नाही, म्हणून वासराला पाजतो. त्या दुधात औषध मारक मात्रेत नसते. कमकुवत जंतू मरतील आणि चिवट उरतील, इतपतच असते. चार-सहा दिवसांत त्या कोवळ्या आतड्यात चिवट ई. कोलायचीच शेती होते आणि वासराच्या शेणातून ती गोठाभर पसरते. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये याच मुद्द्यावर इशारा दिला होता. ज्याने संघाला फसवले नाही त्याच्याच गोठ्यात चिवट जंतू वाढावेत, ही आपल्या व्यवस्थेची करामत आहे.

आता दूध किती दिवस बाजूला ठेवायचे ते. औषधाच्या वेष्टनावर तो काळ छापलेला असतो. छापलेला नसेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार औषध नियमांत दुधासाठी किमान ७ दिवस सांगितले आहेत. यात दोन चुका सर्रास होतात. पहिली, दिवस पहिल्या इंजेक्शनपासून मोजले जातात. ते शेवटच्या मात्रेपासून मोजायचे असतात. दुसरी, ट्यूब ज्या सडात सोडली त्याच सडाचे दूध टाकले जाते आणि उरलेल्या तिघांचे कॅनमध्ये जाते. सडात सोडलेले औषध रक्तात शोषले जाऊन बाकीच्या सडांतही उतरते. चारही सडांचे दूध बाजूला ठेवायचे, यात तडजोड नाही.

बेंझिलपेनिसिलिनची दुधातली मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. २,००० लिटरच्या बल्क कूलरचा (गावातले दूध थंड ठेवणाऱ्या टाकीचा) हिशेब केला तर सगळे मिळून ८ मिलिग्रॅम. पेनिसिलिन गटाच्या एका ट्यूबमध्ये दोन-तीनशे मिलिग्रॅमपर्यंत औषध असते आणि त्याचा बराचसा भाग पहिल्या दोन-तीन धारांत बाहेर पडतो. एका गाईची एक धार अख्खा कूलर नापास करू शकते. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुने, म्हणजे १.२ टक्के, अँटिबायोटिकच्या मर्यादेबाहेर निघाले. हा आकडा बैठकांमध्ये समाधानाने सांगितला जातो. तो शहरांत पोहोचलेल्या, बहुधा अनेक गाईंच्या मिसळलेल्या दुधाचा आहे. मिसळून विरळ झाल्यावरही जे सापडते, ते गोठ्यावर किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

शेतकरी का सांगत नाही? दिवसाला १० लिटरची गाय, ७ दिवस, लिटरला ३० रुपये धरले तरी २,१०० रुपये गेले. औषधाचा खर्च वेगळा, पेंड-वैरण चालूच, आणि दहा दिवसांच्या बिलातून कर्जाचा हप्ता कापला जाणारच. सांगितले तर त्याचे एकट्याचे नुकसान, नाही सांगितले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच्या जागी संचालक असते तरी गप्प बसले असते.

तोच हिशेब संघाच्या बाजूने मांडू. रोज ५०,००० लिटर संकलन म्हणजे १० लिटरच्या ५,००० गाई. महिन्याला त्यातल्या २ टक्के गाईंना उपचार लागले असे धरा: १०० गाई, प्रत्येकी २,१०० रुपये, म्हणजे २ लाख १० हजार. महिन्याचे संकलन १५ लाख लिटर. लिटरमागे १४ पैसे पडतात. तुमच्याकडे प्रमाण दुप्पट असेल तर २८ पैसे. जाहिरातीवर, रिबेटवर आणि वार्षिक सभेच्या जेवणावर लिटरमागे किती खर्च होतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

याचा गैरफायदा घेतला जाईल, ही शंका पहिल्याच बैठकीत निघेल. रास्त आहे. म्हणून भरपाई नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच द्यावी. चिठ्ठीत कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, औषध, शेवटच्या मात्रेची तारीख आणि वेळ असावी. रक्कम मागच्या दहा दिवसांच्या पावत्यांच्या सरासरीवर काढावी. गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधावी, म्हणजे धार काढायला दुसरे कोणी बसले तरी चूक होणार नाही. हे दूध केंद्रावर आणूच नये, वेगळ्या कॅनमध्येसुद्धा नाही. गर्दीच्या वेळी वेगळा कॅन वेगळा राहत नाही. विहीर-ओढ्यापासून लांब खड्डा करून त्यात चुना घालून ओतावे. चुन्याच्या पाण्यात पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन फुटतात. एन्रोफ्लॉक्सासिन असे फुटत नाही, ते टाळण्याचे हे आणखी एक कारण. मुदत संपली की त्या गाईचे दूध औषधाचा अंश दाखवणाऱ्या तपासणी-पट्टीवर तपासून मगच संकलनात घ्यावे. आणि एकाच गाईची वर्षात तिसरी चिठ्ठी आली तर भरपाईऐवजी डॉक्टर पाठवावा. तिथे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जुना मुरलेला जंतू निघतो आणि ती गाय कळपात ठेवावी का, हा प्रश्न असतो.

तपासणीच्या पट्ट्यांबद्दल एक सावधगिरी. पाच-दहा मिनिटांत निकाल देणाऱ्या पट्ट्या बहुधा बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन-सेफालोस्पोरिनचा गट) आणि टेट्रासायक्लिन पकडतात. तुमचे भांडार एन्रोफ्लॉक्सासिन विकत असेल आणि पट्टीवर क्विनोलोनची रेघच नसेल, तर तपासणी 'पास' येणारच. खरेदी समितीने पट्टीच्या माहितीपत्रकातली औषधांची यादी आपल्याच भांडाराच्या विक्रीयादीशी ताडून पाहावी. प्रत्येक उत्पादकाचा ३० मिलिलिटर नमुना टँकर पास होईपर्यंत थंड ठेवावा, म्हणजे नापास झाल्यावर एका गोठ्यापर्यंत पोहोचता येते. हल्ली अख्ख्या संस्थेचे दूध परत जाते. परत गेलेले दूध ओतले जातेच असे नाही, खव्याच्या कढईला सगळे चालते.

आता 'जंतू कोणता' याकडे. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. संघाच्या प्रयोगशाळेत इन्क्युबेटर आणि ऑटोक्लेव्ह आहेतच. हवे ते जंतू वाढवायला मेंढीच्या रक्ताचे ब्लड अगार, मॅकाँकी अगार, काही डिस्क (औषध लावलेल्या कागदी चकत्या), एक शिकलेला माणूस आणि वेगळी खोली. वेगळी यासाठी, की तयार मालाच्या तपासणीशेजारी स्टॅफिलोकॉकसच्या बशा उघडणे धोक्याचे. सुरुवातीला शिरवळ, परभणी, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडून किंवा औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडून माणूस तयार करून घ्यावा.

कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू बशीत वाढवून ओळखणे, फसते ते प्रयोगशाळेपेक्षा गोठ्यात जास्त. नमुना औषधाच्या पहिल्या थेंबाआधी घ्यायचा. सड स्वच्छ आणि कोरडा करून त्याचे टोक ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने, बोळा पांढरा राहीपर्यंत पुसायचे. पुसताना आधी लांबचे सड, मग जवळचे. नमुना घेताना उलटे, आधी जवळचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या. नळी आडवी धरायची, उभी धरली की कासेवरचा केर आत पडतो. टोपण खाली ठेवायचे नाही. ३ ते ५ मिलिलिटर पुरते. बर्फाच्या डब्यातून २४ तासांत पोहोचवायचे. बशीवर तीन किंवा अधिक प्रकारचे जंतू उगवले तर तो गाईचा आजार नसून हाताचा मळ आहे. नमुना पुन्हा मागवायचा, त्यावर औषध ठरवायचे नाही.

२४ तासांत पहिला निकाल हाती येतो. बऱ्याच बशांवर काहीच उगवत नाही: गाईने जंतू स्वतःच निपटलेला असतो, उरलेली असते ती सूज. तिथे अँटिबायोटिकचे काम नाही. ई. कोलाय निघाला आणि गाय खात-पीत असेल तर वारंवार पिळणे, सुजेचे औषध आणि लक्ष, एवढ्यावर बहुधा भागते. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर साधे पेनिसिलिन अजूनही बऱ्याचदा चालते. स्टॅफिलोकॉकस असेल तर डिस्क लावायची, त्यात ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन हवीच, कारण मेथिसिलिनला दाद न देणारा त्याच डिस्कवर ओळखू येतो. अमेरिकेतल्या गोठ्यांवर अशा पद्धतीने चाचण्या झाल्या तेव्हा सौम्य आणि मध्यम दगडीत सडातली अँटिबायोटिक्स निम्म्यावर आली आणि गाई बऱ्या होण्यात फरक पडला नाही. ताप आहे, गाय खात नाही, डोळे खोल गेले, दूध पाण्यासारखे झाले, तर मात्र बशीची वाट पाहायची नाही. नमुना घेऊन ठेवायचा आणि लगेच उपचार सुरू करायचे.

डिस्कच्या कामात एक बारीक गोष्ट हमखास चुकते. म्युलर-हिंटन अगारचा थर ४ मिलिमीटर हवा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या बशीत सुमारे २५ मिलिलिटर. थर पातळ झाला तर डिस्कभोवती जंतू न उगवलेले वर्तुळ मोठे येते आणि न चालणारे औषध चालते असे दिसते. जाड झाला तर उलटे. डिस्कची कुपी फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आत दव धरते आणि औषधाची ताकद जाते. वर्षअखेरीस प्रत्येक गाईचा पहिलाच जंतू धरून, कोणत्या जंतूवर कोणते औषध किती चालते याचा तालुक्याचा तक्ता करावा. एखाद्या जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने असतील तर त्याची टक्केवारी छापू नये, ती फसवी असते.

ट्यूब द्यायचीच झाली तर टोक पूर्ण आत खुपसू नये, तीन-चार मिलिमीटर पुरे. खोल घातले की सडाच्या तोंडाशी असलेला मळच आत ढकलला जातो. इंजेक्शनची बाटली पाण्यात कालवून सिरिंजने सडात सोडण्याचा उद्योग तर ताबडतोब थांबवायला हवा. त्यातून यीस्ट आत जाते, त्यावर कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही आणि देत राहिले तर ते अधिकच माजते.

ट्यूबची गरजच कमी करणारी वस्तू मात्र अगदी साधी आहे. धार काढल्याबरोबर सड ०.५ टक्के उपलब्ध आयोडिनमध्ये बुडवणे. मेडिकलमधले ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन म्हणजे नेमके हेच प्रमाण. त्यात थोडे ग्लिसरीन घातले की सड फुटत नाहीत. पुरवायचे म्हणून त्यात पाणी ओतले की फक्त रंग उरतो. कपात शेण पडले तर ते ओतून नवे घ्यायचे. नंतर गव्हाणीत वैरण टाकायची, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहते आणि तेवढ्यात सडाचे तोंड मिटते. हा उपाय हातातून आणि यंत्रातून पसरणाऱ्या जंतूंवर चालतो. ई. कोलायसाठी कोरडी बसायची जागा लागते, तिला पर्याय नाही. मिल्किंग मशीनचे रबरी लायनर २,५०० धारांनंतर बदलायचे. दहा गाई, एक क्लस्टर (सडांना लावायचा कपांचा संच), दोन वेळा: १२५ दिवस. आपल्याकडे ते फाटेपर्यंत चालतात.

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेला लेप सौम्य दगडीत जरूर वापरावा, पण खोलवर दडलेला स्टॅफिलोकॉकस त्याने निघेल अशी आशा कोणाला दाखवू नये. गाय आटवताना (विण्याआधी दूध बंद करताना) सरसकट चारही सडांत ट्यूब सोडण्याची शिफारसही मागे घ्यावी. युरोपीय संघात अशा सरसकट वापरावर जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. तिथल्या नेदरलँड्सने तर त्याच्या कितीतरी आधी सुरुवात करून २००९ च्या तुलनेत जनावरांवरची अँटिबायोटिक्स निम्म्याहून खाली आणली, आणि त्यांचा दूधधंदा बुडालेला नाही.

येत्या संचालक मंडळाच्या बैठकीत तीन ठराव घ्यावेत. संघाच्या भांडारातून सेफ्ट्रायक्झोन आणि एन्रोफ्लॉक्सासिनची विक्री पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय बंद, आणि एच-१ सारखी वही चालू. एका तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने भरपाई योजना, तिचा हिशेब दिवाळीच्या सभेत सभासदांपुढे. त्याच तालुक्यात पहिल्या महिन्यापासून मोफत कल्चर, आणि प्रत्येक गोठ्याला सड बुडवायचा कप व आयोडिन, ट्यूबच्या अनुदानातून वळवलेल्या पैशांत. नमुना कसा घ्यायचा हे केंद्रावरच्या सचिवांना आणि शेतकऱ्यांना शिकवायला आम्ही येऊ. त्यासाठी अर्धा दिवस, एक गाय आणि बादलीभर स्वच्छ पाणी लागेल.

कळावे,
आपले,
पशुवैद्यक, सूक्ष्मजीवशास्त्र आणि दूध तपासणी क्षेत्रात काम करणारे काही जण